चार पार्टिशन पाडण्याआधी त्या बिननावाच्या ७०० जीबीत काय आहे ते बघा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. भावाने वापरलेली २ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क तुमच्याकडे आलीय. विंडोजला लावली की १.१३ टीबीचा एकच ड्राइव्ह उघडतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये (डिस्कचे भाग दाखवणाऱ्या खिडकीत) मात्र सुरुवातीला २०० एमबीचा एक तुकडा दिसतो, त्यावर राइट क्लिक केलं की सगळे पर्याय फिकट, आणि त्याच्या शेजारी ७०० जीबीचा आणखी एक तुकडा ज्याला अक्षर नाही, नाव नाही, म्हणून तुमच्या मते तो रिकामा. आता हे सगळं उडवून तुम्हाला चार पार्टिशन (एकाच डिस्कचे वेगळे भाग) हवीत: एक तुमच्या विंडोज लॅपटॉपच्या बॅकअपला, एक बहिणीच्या मॅकबुकला, एक फोटोंना, एक पिक्चरना. फॉरमॅट कुठला निवडू, क्विक चालेल का, आणि तो २०० एमबीचा हट्टी तुकडा घालवू कसा?

घाईत असाल तर एवढंच: चार नको, दोन करा, ती मॅकवर पाडा, आणि क्विक फॉरमॅटवर भागवण्याआधी एकदा तरी अख्खी डिस्क लिहून काढा. पण यातलं काहीही करायच्या आधी ती डिस्क बहिणीच्या मॅकला लावून तो ७०० जीबीचा तुकडा उघडून बघा.

कारण तो रिकामा नाही, निदान तसं समजायला काही आधार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक रंगीत पट्टी असते. काळी पट्टी म्हणजे ती जागा खरंच मोकळी, कुणाच्या नावावर नाही, तिथे 'अनअलोकेटेड' असं लिहिलेलं असतं. निळी पट्टी म्हणजे तिथे पार्टिशन आहे. तुम्ही लिहिलंय की त्या तुकड्यावर राइट क्लिक केल्यावर 'डिलीट व्हॉल्यूम' हा पर्याय येतो. म्हणजे पट्टी निळीच असणार, मोकळ्या जागेवर डिलीट करायला असतं काय! आणि तो सुरुवातीचा २०० एमबीचा तुकडा तर सरळसरळ चुगली करतोय. डिस्क युटिलिटीत, म्हणजे मॅकच्या डिस्क सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जीयूआयडी नावाच्या पार्टिशन पद्धतीने डिस्क तयार केली की ती सुरुवातीला स्वतःहून एवढ्याच मापाचं ईएफआय (कॉम्प्युटर सुरू करण्यासाठीचं) पार्टिशन टाकते. तेव्हा ही डिस्क कधीतरी मॅकवर पाडलेली आहे, आणि ७०० जीबी बहुतेक मॅकच्या फाइल सिस्टीमचे (फाइल साठवायच्या पद्धतीचे) आहेत. विंडोजला मॅकची एपीएफएस किंवा जुनी एचएफएस प्लस वाचता येत नाही, म्हणून ते त्याला अक्षरही देत नाही आणि नावही दाखवत नाही. विंडोजला वाचता येत नाही एवढ्यावरून आत काही नाही असं होत नाही.

'भाऊ म्हणाला त्यात काही नाही' हे वाक्य मी गेल्या पंधरा वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर माझा बिलकुल विश्वास नाही. दोनेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ हुबेहूब अशीच डिस्क घेऊन आले, मोकळी आहे, फॉरमॅट मारून द्या म्हणाले. मी सवयीने मॅकला लावली तर आत 'जुना डेस्कटॉप' नावाचं फोल्डर, त्यात 'नवीन', त्यात 'बाबा', आणि त्यात त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वह्यांची स्कॅन केलेली शेकडो पानं. मूळ वह्या पुढे घर बदलताना गेल्या होत्या. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, स्टुलावर बसले आणि एकेक पान उघडून बघत राहिले. फॉरमॅट दुसऱ्या दिवशी मारला.

तर मॅकला लावा. काही निघालं तर भावाला विचारून दुसरीकडे कॉपी करा. तुमच्या त्या १.१३ टीबीच्या ड्राइव्हमधलंही. पुसल्यानंतर ही विचारपूस करण्यात अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट, ही डिस्क बॅकअपच्या लायकीची आहे का ते तपासा. वापरलेली डिस्क म्हटल्यावर हे टाळूच नका. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दाखवतं. त्यातल्या दोन ओळी बघायच्या: ०५ नंबरची रीअलोकेटेड सेक्टर्स आणि सी५ नंबरची करंट पेंडिंग सेक्टर. पहिली म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला काढून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे), दुसरी म्हणजे वाचताना अडखळलेले आणि अजून निकाल न लागलेले. दोन्हीकडे शून्य असेल तर उत्तम. ०५ मध्ये थोडा आकडा असून तो महिनोन्महिने तेवढाच असेल तर मी वेळप्रसंगी चालवून घेतो, पण एकमेव बॅकअप म्हणून नाही. सी५ मध्ये काही दिसलं तर मी ती डिस्क बॅकअपला ठेवतच नाही, पिक्चर टाकून टीव्हीला लावायला द्यायची. आणि एक गंमत, हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे हेक्झाडेसिमलमध्ये दाखवतं, त्यामुळे शेवटी १० दिसलं तर ते दहा नसून सोळा असतात. मेनूतून बदलता येतं. काही एक्सटर्नल डिस्कच्या यूएसबी सर्किटमधून स्मार्ट माहिती पलीकडे येतच नाही, तसं झालं तर पुढे सांगतोय ती पूर्ण लिहिण्याची पायरी हीच तुमची तपासणी.

आता तो हट्टी तुकडा. डिस्क मॅनेजमेंट ईएफआय पार्टिशनला हात लावू देत नाही, कारण आतल्या डिस्कवर तेच उडवलं तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. एक्सटर्नलवर त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, पण नियम सगळ्यांना एकच लावलाय. तो विंडोजमधल्याच डिस्कपार्ट नावाच्या प्रोग्रामने जातो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, डिस्कपार्ट टाइप करायचं, मग 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि पुढे नंबर, मग 'क्लीन'. अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. क्लीन दिलं की एका सेकंदात पार्टिशनचा सगळा नकाशा जातो, २०० एमबी, ७०० जीबी, सगळं. 'खरंच करू का' असं ते एकदाही विचारत नाही.

ते विचारत नाही म्हणूनच इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. एकदा एका गिऱ्हाईकाची डिस्क आणि माझी कामाची डिस्क, दोन्ही २ टीबीच्या, एकाच वेळी लावलेल्या होत्या. लिस्ट डिस्कमध्ये दोन्ही १८६३ जीबी. मला २ नंबर निवडायचा होता, मी ३ टाइप केला, एंटर मारलं, क्लीन लिहिलं, एंटर मारलं. डिस्क यशस्वीपणे साफ केल्याचा निरोप आला आणि मी चहाचा घोट घेतला. पाच मिनिटांनी कळलं की साफ झालेली डिस्क गिऱ्हाईकाची आहे. नुसतं क्लीन फक्त डिस्कच्या टोकांवरचा पार्टिशनचा नकाशा पुसतं, आतला डेटा तसाच असतो, आणि मी नंतर काहीही लिहिलेलं नव्हतं, म्हणून टेस्टडिस्क नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने पार्टिशन शोधून परत उभं केलं. रात्रीचे दोन वाजले होते. क्लीनच्या जागी अख्ख्या डिस्कवर शून्य लिहिणारं 'क्लीन ऑल' दिलं असतं आणि ते पूर्ण झालं असतं तर टेस्टडिस्कसुद्धा काही करू शकलं नसतं.

त्या दिवसापासूनचा माझा रिवाज असा. जिच्यावर काम करायचंय ती सोडून बाकी सगळ्या डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, सगळं उपटून ठेवायचं. सिलेक्ट डिस्क दिल्यानंतर परत एकदा लिस्ट डिस्क द्यायचं, निवडलेल्या डिस्कपुढे तारा आलेला असतो तो बघायचा. मग 'लिस्ट पार्टिशन' द्यायचं आणि समोर आलेले आकडे ओळखीचे आहेत का ते वाचायचं. तुमच्या बाबतीत २०० एमबी, ७०० जीबी आणि हजारएक जीबीचा तिसरा अशी तीन दिसली पाहिजेत, नाही दिसली तर चुकीची डिस्क धरलीय, 'एक्झिट' लिहून बाहेर या. ० नंबर म्हणजे नेहमी आतली डिस्क असंही गृहीत धरू नका, बहुतेक वेळा असते, पण नेहमी नाही.

क्विक की फुल? क्विक फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडून कोरी लावणं, आतली पानं तशीच राहतात. विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट पूर्ण पार्टिशनवर शून्य लिहितो आणि खराब सेक्टर आहेत का तेही बघतो. डिस्क घरातच राहणार असेल तर भावाचा डेटा लपवायचं काही कारण नाही, पण वापरलेल्या डिस्कचा प्रत्येक कोपरा एकदा लिहून घेण्याचं कारण वेगळं आहे, ते म्हणजे कच्चे सेक्टर आत्ताच उघडे पडतात, सहा महिन्यांनी बॅकअप परत घेताना नाही. म्हणून मी अशा डिस्कवर क्लीनऐवजी रात्री झोपताना 'क्लीन ऑल' देतो. हिशोब सोपा आहे, सेकंदाला सरासरी १०० एमबी धरले तर २ टीबी लिहायला साडेपाच तास लागतात, आणि लहान आकाराच्या एक्सटर्नल डिस्क शेवटाकडे जाताना हळू होतात त्यामुळे सात-आठ तास धरून चाला. यात टक्केवारी वगैरे काही दिसत नाही, काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहतो आणि डिस्कचा दिवा मिचमिचत राहतो, लोकांना वाटतं हँग झालं आणि ते केबल ओढतात. ओढू नका. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, चार्जर लावून ठेवा, आणि डिस्क हबमधून न लावता थेट पोर्टला लावा. सकाळी झालं की परत क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून त्या दोन ओळी बघा. आकडे रात्रीपेक्षा वाढले असतील तर डिस्कने स्वतःच उत्तर दिलं.

एकदाच लिहिलं तरी पुरतं. ३५ वेळा पुसायचा सल्ला अजून लोक देतात, तो पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आलाय, त्यात तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कचा विचार होता, आणि आजच्या डिस्कला ते सगळं लागत नाही असं पुढे त्यांनी स्वतःच लिहिलंय. एक्सटर्नल एसएसडी असती तर मी वेगळं सांगितलं असतं, तिथे वरून शून्य लिहून सगळं पुसलं जाईल याची खात्री नसते कारण एसएसडी कुठे लिहायचं ते स्वतः ठरवते. तुमची फिरती डिस्क आहे.

आता मुख्य मुद्दा, पार्टिशन किती. तुमच्या प्रश्नात मला एक समजूत दिसतेय की वेगवेगळी पार्टिशन केली की गोष्टी वेगवेगळ्या सुरक्षित राहतात. नाही राहत. चार पार्टिशन केली तरी मोटर एक, तबकड्या त्याच, वाचणारी-लिहिणारी डोकी तीच, केबल एक आणि टेबलावरून पडणारी डिस्कही एकच. पार्टिशनने जागा वाटली जाते, धोका वाटला जात नाही. एका पार्टिशनमध्ये फोटो आणि दुसऱ्यात त्याच फोटोंची कॉपी ठेवून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिलीत. डिस्क टकटक आवाज करायला लागली की दोन्ही एकदमच जातात.

मग पार्टिशन पाडायचीच कशाला? मला त्याची दोनच खरी कारणं माहीत आहेत आणि तुमच्याकडे ती दोन्ही आहेत. एक, विंडोज आणि मॅकला वेगळी फाइल सिस्टीम लागते. विंडोजची सिस्टीम इमेज (अख्ख्या विंडोजची एकत्र प्रत) विंडोजच्या एनटीएफएसवरच जाते, मॅकची टाइम मशीन (मॅकमधलं बॅकअपचं सॉफ्टवेअर) तिच्या स्वतःच्या एपीएफएसवर, म्हणजे बिग सर नावाची मॅकओएसची आवृत्ती किंवा त्यानंतरची असेल तर. मॅक एनटीएफएस वाचू शकतो पण स्वतःहून त्यावर लिहू शकत नाही. दोघांना चालतं म्हणून लोक एक्सफॅट सुचवतात, पण टाइम मशीन थेट एक्सफॅटवर बॅकअप घेत नाही, शिवाय एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं, लिहिताना केबल निघाली तर एनटीएफएसपेक्षा लवकर घोळ होतो. आणि विंडोज एवढ्या मोठ्या एक्सफॅटला जागा वाटायच्या एका ठोकळ्याचं (क्लस्टरचं) माप आपोआप १२८ केबी ठेवतं, म्हणजे ४ केबीची फाइलसुद्धा १२८ केबी खाते, लाखभर बारक्या फाइल असल्या की जागा कुठे गेली ते शोधत बसायचं. एक्सफॅट ने-आण करायला चांगला, बॅकअपला मी ठेवत नाही. फॅट३२ तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइलच घेत नाही, विषय संपला.

दुसरं कारण कुंपणाचं. टाइम मशीन जुन्या आवृत्त्या साठवत जाते आणि मिळेल तेवढी जागा भरून झाल्यावरच जुनं काढायला लागते. हा दोष नाही, ती तशीच बनवलीय, पण कुंपण नसेल तर वर्षभरात तुमच्या बॅकअपला जागा उरणार नाही.

फोटो आणि पिक्चर यांना वेगळं पार्टिशन देण्याचं कारण मला दिसत नाही. फोल्डर करा ना! पार्टिशनचा अंदाज हमखास चुकतो, फोटोंचं भरतं आणि पिक्चरचं निम्मं ओस पडतं, आणि मग जागा इकडची तिकडे करताना कळतं की डिस्क मॅनेजमेंट एक्सफॅट लहान-मोठं करू देत नाही, एनटीएफएस देतं पण वाढवायला लगेच उजवीकडची जागा मोकळी लागते. फोल्डरला हा त्रास नाही. पिक्चर गेले तर परत मिळतील, त्यांचं काही नाही. फोटोंचं मात्र नीट ठरवा, लॅपटॉपवरून काढून फक्त या डिस्कवर ठेवणार असाल तर तो बॅकअप नाही, ती एकमेव प्रत आहे, फक्त जागा बदलली. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. सगळ्या गोष्टींना नाही जमत, पण फोटोंना तरी जमवा.

किती जागा कुणाला, हे तुमच्या वापरावर आहे. तुम्ही लिहिलंय तुमच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबी, त्यातले ३०० भरलेले, आणि मॅकबुक २५६ जीबीचं. टाइम मशीनला मॅकच्या साठवणीच्या निदान दुप्पट जागा द्यावी, म्हणजे ५१२, मी ६०० देईन. उरलेले १४०० जीबी तुम्हाला, त्यात ३०० जीबीच्या आसपासची सिस्टीम इमेज, फाइल हिस्टरी (फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवणारा विंडोजचा बॅकअप) आणि तुमची फोल्डरं आरामात बसतात. बहीण व्हिडिओ एडिटिंग वगैरे करत असेल तर तिला ८०० द्या, तिच्या फाइल रोज बदलत असतील तर आवृत्त्या लवकर साठतात. आकडे बघून गोंधळू नका, मॅक दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून मॅकवर दिलेले ६०० जीबी विंडोजमध्ये ५५८ दिसतील आणि तुमचे १४०० हे १.२७ टीबी दिसतील. काही चोरीला गेलेलं नाही.

आता क्रम. सुरुवात मॅकवर करायची, विंडोजवर नाही. विंडोजवर तयार केलेल्या डिस्कवर मॅकची डिस्क युटिलिटी पुढचं पार्टिशन पाडताना कधी कधी अडून बसते, डिस्कवर पुरेशी जागा नाही असली काहीतरी विचित्र एरर देते, अख्खी डिस्क मोकळी असताना. बऱ्याचदा तिला तो सुरुवातीचा २०० एमबीचा तुकडा हवा असतो, तोच जो तुम्हाला नको होता. तो या वेळीही येणार, येऊ दे, तो तिथे राहिल्याने काही बिघडत नाही.

क्लीन ऑलनंतर डिस्क विंडोजला दिसली की ते इनिशियलाइज करू का विचारेल, कॅन्सल करा. मॅकला लावली की ही डिस्क वाचता येत नाही म्हणेल, तिथे इनिशियलाइज म्हणा, डिस्क युटिलिटी उघडेल. तिथे एक गोष्ट बहुतेक जण चुकतात: व्ह्यू मेनूत 'शो ऑल डिव्हायसेस' निवडल्याशिवाय डावीकडे मूळ डिस्क दिसतच नाही, फक्त तिच्या पोटातली व्हॉल्यूम दिसतात, आणि मग स्कीमचा (पार्टिशनचा नकाशा कुठल्या पद्धतीचा, त्याचा) पर्याय कुठे गेला म्हणून लोक डोकं धरतात. सगळ्यात वरची ओळ, कंपनीच्या नावाची, ती निवडा, इरेज दाबा, फॉरमॅट एपीएफएस, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. हेच विंडोजमधलं जीपीटी. २ टीबीची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीच्या नकाशातही बसते, त्याची मर्यादा २.२ टीबीची आहे, पण एमबीआरमध्ये पार्टिशनचा नकाशा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये एकदाच लिहिलेला असतो, जीपीटी त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते. बॅकअपच्या डिस्कला तरी नकाशाचा बॅकअप असू द्या.

मग पार्टिशन दाबा, अधिकचं चिन्ह दाबा. ती विचारेल व्हॉल्यूम हवं की पार्टिशन. पार्टिशनच म्हणा. एपीएफएसची व्हॉल्यूम एकाच डब्यातली जागा वाटून घेतात आणि विंडोजला तो डबाच उघडता येत नाही. नव्या पार्टिशनला १४०० जीबी द्या, फॉरमॅट तात्पुरता एक्सफॅट ठेवा, कारण मॅकला एनटीएफएस करता येत नाही. नाव असं द्या की वर्षभराने बघितलं तरी कळेल कुणाचं आहे, 'अनटायटल्ड' सोडू नका. मग विंडोजला लावा, तो एक्सफॅट ड्राइव्ह दिसेल, त्यावर राइट क्लिक, फॉरमॅट, एनटीएफएस, युनिट साइज डिफॉल्ट. आदल्या रात्री क्लीन ऑल केलंय त्यामुळे इथे आता क्विक चालेल. डिस्क मॅनेजमेंटमधून त्याला एक्स किंवा वाय असं लांबचं अक्षर देऊन टाका, नाहीतर पुढच्या वेळी ई अक्षर एखाद्या पेनड्राइव्हने बळकावलेलं असतं आणि बॅकअप गुपचूप फेल होत राहतो.

बहिणीच्या मॅकवर टाइम मशीनमध्ये तिचं पार्टिशन निवडा. ते पुसायची परवानगी मागेल, द्या, पण 'होय' दाबायच्या आधी त्या खिडकीतलं नाव वाचा, तिच्याच पार्टिशनचं आहे ना. एन्क्रिप्ट करायचं विचारेल, तेही करा, डिस्क हरवली तर तिचं सगळं आयुष्य उघडं पडायला नको. फिरत्या डिस्कवर एपीएफएस रेंगाळतं, पहिला बॅकअप रात्रभर चालला तर घाबरू नका. तुमच्या बाजूला बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) लावायचं असेल तर त्याला विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होमवर लावता येत नाही, फक्त लावलेलं उघडता येतं. लावलंत तर रिकव्हरी की याच डिस्कवर ठेवू नका. हसू नका, ठेवतात लोक.

विंडोजवर मी दोन्ही वापरतो, महिन्यातून एकदा सिस्टीम इमेज आणि रोजच्यासाठी फाइल हिस्टरी. फाइल हिस्टरी आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशी ठरावीक फोल्डरंच घेते, डी ड्राइव्हवर तुम्ही स्वतः केलेलं 'ऑफिस' फोल्डर तिला माहीतच नसतं, ते विंडोजच्या लायब्ररीत घालावं लागतं. नुसतं सिंक करणारं सॉफ्टवेअर लावून त्याला बॅकअप म्हणू नका, इकडे चुकून डिलीट केलेली फाइल ते इमानेइतबारे तिकडेही डिलीट करतं. आणि बॅकअप झाला की इजेक्ट करून डिस्क काढून ठेवा. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर लावलेली डिस्कही त्याच्या तावडीत असते, कपाटातली नसते.

पहिला बॅकअप झाल्यावर त्यातल्या चार-पाच फाइल परत घेऊन उघडून बघा, एक जुना फोटो, एक एक्सेल, एक मोठा व्हिडिओ, आणि जमलं तर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. दहा मिनिटांचं काम आहे. मी बघितलेल्या फसलेल्या बॅकअपपैकी बरेचसे रोज वेळेवर होत होते, फक्त परत घेऊन कुणी बघितलेले नव्हते.

शेवटचं काम कागदाचं. डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा: यात मॅकचाही बॅकअप आहे, विंडोजमध्ये दिसत नाही, डिलीट व्हॉल्यूम करू नये. तुमच्या विंडोजमध्ये आता परत एक बिननावाचा, बिनअक्षराचा, निळ्या पट्टीचा ५५८ जीबीचा तुकडा दिसणार आहे, आणि ही डिस्क उद्या तुमच्याकडून दुसऱ्या कुणाकडे गेली तर त्यालाही तो रिकामाच वाटेल.

बहिणीच्या मॅकओएसची आवृत्ती कुठली आणि सी५ समोर आकडा काय आला ते सांगा. आवृत्ती बिग सरच्या आधीची असेल तर तिच्या पार्टिशनला एपीएफएस नको, मॅक ओएस एक्सटेंडेड जर्नल्ड ठेवावं लागेल, बाकी सगळं तेच.